मान आखडलेली नाही, दमलेली आहे

प्रश्न फोंड्याच्या एका बाईंचा आहे. वय ४१, पणजीत हिशेबाची नोकरी, जाऊन-येऊन रोज साठेक किलोमीटर स्कूटर. दीड वर्षापासून उजव्या बाजूला कानामागून खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पात्यासारख्या हाडाच्या, वरच्या टोकापर्यंत दुखतं. संध्याकाळी जास्त, मार्चअखेरीस आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तयारीत तर असह्य. एक्स-रेवर ‘मानेची नैसर्गिक कमान सरळ झाली आहे’ असं लिहून आलं. दोनदा दहा-दहा दिवस शेक आणि करंट घेतला, तेवढ्यापुरता आराम पडला. आता खांदे मागे खेचून धरणारा पट्टा ऑनलाइन मागवलाय. त्या विचारतात: मणके खराब झालेत का? पट्टा वापरू का? ट्रॅक्शन (मान ओढून धरणं) किंवा सुया घेऊ का? आणि ताठ बसायची सवय कशी लावू? हाताला मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, हेही त्यांनी शेवटी लिहिलंय. फिजिओ म्हणून माझ्या दृष्टीने पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच.

आधी एक्स-रेचा निकाल लावू. ‘कमान सरळ’ हे वाक्य माझ्या टेबलावर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. मान न दुखणाऱ्या माणसांचे एक्स-रे काढले तरी त्यातल्या कितीतरी जणांची कमान सरळच दिसते. फोटो काढताना हनुवटी जराशी खाली असली तरी पुरतं. मणक्यांमधल्या गादीचंही तसंच. जपानमध्ये मानेची काही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते. २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची कुठली ना कुठली गादी फुगलेली होती. म्हणजे चाळिशीत केस पिकतात तशा मानेतल्या गाद्याही पिकतात. रिपोर्ट खोटा नसतो, पण तुमचं दुखणं त्यातूनच येतंय असं तो सांगत नाही. फाइलमध्ये ठेवून द्या.

मुंग्यांची गोष्ट वेगळी. दुखणं हातात उतरत असेल, अंगठा, मधलं बोट किंवा करंगळी बधिर होत असेल, तर नस दुखावल्याची शंका घ्यायची आणि तपासून घ्यायचं. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली, चालताना झोक जायला लागला, लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर फिजिओकडे येऊच नका, सरळ गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा किंवा जवळचा न्यूरोचा डॉक्टर. पडल्या-आपटल्यानंतरची मान, तापासोबतची मान, रात्री झोपेतून उठवणारं न थांबणारं दुखणं, वजन उतरत जाणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, हेही डॉक्टरचंच काम. अचानक कधी नव्हे अशी मान-डोकं ठणकून चक्कर आली, दोन-दोन दिसायला लागलं, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही. आणि छातीतून जबड्याकडे किंवा हातात जाणारी कळ मानेची समजून शेकत बसू नये. हे सगळं मी प्रत्येकाला सांगते. शंभरातल्या नव्वदांना ते लागू पडत नाही, तरी सांगते.

तुम्हाला त्यातलं काही नाही. मग दुखतंय काय?

तुम्ही बोटाने दाखवाल ती जागा मला न बघता ठाऊक आहे: खवाट्याचा आतला वरचा कोपरा. तिथे अंगठा ठेवला की सुतळीसारखं काहीतरी सटकतं आणि माणूस ‘हां, तिथेच!’ म्हणून ओरडतो. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खवाट्याच्या त्या कोपऱ्याला चिकटणारा हा लांबट स्नायू, पुस्तकातलं नाव लेव्हेटर स्कॅप्युली. त्याच्यावर पांघरुणासारखा ट्रॅपिझियस. खांदा आणि त्याला लटकलेला अख्खा हात हे दोन स्नायू मिळून मानेवरून तोलून धरतात. वर हाताला बॅग, माउसला चिकटलेलं मनगट, स्कूटरचा ॲक्सिलरेटर. तुमचा सगळा दिवस उजवाच आहे, बघा.

आता एक छोटी चाचणी, जी मी दवाखान्यात जवळपास प्रत्येकाची करते आणि तुम्हाला घरी नवऱ्याकडून किंवा मुलीकडून करून घेता येईल. स्टुलावर बसा. उजवीकडे मान वळवा, कुठपर्यंत जाते आणि कुठे ओढतं ते लक्षात ठेवा. आता मदतनिसाने मागे उभं राहून तुमच्या उजव्या कोपराखाली हात घालायचा आणि हात दुमडलेला असतानाच अख्खा खांदा दोन बोटं वर उचलून धरायचा. तुम्ही हात पूर्ण सोडून द्यायचा, स्वतः उचलायचा नाही. पुन्हा मान वळवा. बऱ्याच जणांची मान या वेळी सहज पुढे जाते आणि ओढ कमी होते. तुमचं असं झालं, तर अडचण मणक्यात कमी आणि खांद्याच्या ओझ्यात जास्त आहे.

यातून निघणारा अर्थ मात्र बहुतेकांच्या समजाच्या उलटा आहे. लोक म्हणतात मान आखडली, स्नायू आखूड झाला, तो ताणा. पण खांदा खाली उतरलेला असेल तर तो स्नायू आधीच लांब खेचलेला असतो. दिवसभर ताणावर राहून तो दमलाय, म्हणून कडक लागतो. विहिरीच्या रहाटाचा भरल्या कळशीसकट लटकलेला दोर हाताला कडकच लागेल. तो आणखी ओढून सैल होत नाही. अशा मानेला ‘कान खांद्याला लावा, दहापर्यंत मोजा’ असे ताण दिवसातून चार वेळा दिले की घटकाभर बरं वाटतं आणि रात्री पुन्हा तेच. नोकरीची पहिली काही वर्षं मीही हेच शिकवत होते. दहा दिवस मशीन, एक छापील कागद, त्यावर ताणाच्या आकृत्या. तीच माणसं चार महिन्यांनी त्याच खुर्चीत परत यायची आणि वर माझे आभार मानायची, कारण मागच्या वेळी ‘खूप बरं वाटलं’ होतं. ते आभार मला पुढे बोचायला लागले.

थोडंसं कारणही सांगते. जड काम करताना स्नायूचे लहान-मोठे तंतू कामाला लागतात आणि काम संपलं की सुटतात. माउस धरून बसण्यासारख्या हलक्या कामात मात्र सगळ्यात लहान तंतूच सकाळी आधी कामाला लागतात आणि संध्याकाळी शेवटी सुटतात, असं एक मत आहे. घरातली धाकटी सून म्हणा ना. एक्सेलच्या शीटसमोर आठ तास बसलेल्या बाईचा खांदा बाहेरून निवांत दिसतो, आत हे चालू असतं. त्यामुळे ‘मी तर काहीच जड उचलत नाही, मग मान का दुखते?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा त्या प्रश्नातच असतं.

आता उपचारांकडे, तुम्ही विचारलेत त्या क्रमाने नाही, माझ्या भरवशाच्या क्रमाने.

शेक चांगला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, एवढंच. त्यासाठी पेट्रोल जाळून दवाखान्यात यायची गरज नाही. करंट, म्हणजे आयएफटी किंवा टेन्स, दुखण्याची जाणीव काही तास बोथट करतात. अल्ट्रासाउंडबद्दल तर मी आता आग्रहच धरत नाही, मानेच्या या दुखण्यात त्याने फार काही हाती लागतं असं दिसत नाही. मशीनं वाईट नाहीत. पण नुसत्या मशीनवर पडून राहून मान बरी झाली असं मी वीस वर्षांत क्वचितच पाहिलं.

हाताने केलेले उपचार, म्हणजे सांधे हलके हलवणं, दुखऱ्या गाठीवर दाब धरणं, याचा उपयोग होतो. चांगल्या हाताखाली वीस मिनिटांत मान दहा-पंधरा अंश जास्त वळते. पण ती मोकळीक टिकते दोन-तीन दिवस. तेवढ्या दिवसांत व्यायाम सुरू केला तर उपयोग, नाहीतर पुढच्या सोमवारी पुन्हा माझ्या टेबलावर. सुयांचंही हेच गणित: गाठीत बारीक सुई गेली की स्नायू टचकन उडतो, एक दिवस ठणकतं, मग काही आठवडे हलकं वाटतं. घ्यायच्या असतील तर प्रशिक्षित माणसाकडूनच घ्या, कारण खांद्याच्या त्या भागाखाली फुप्फुसाचं टोक असतं आणि सुई खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा भरू शकते. रंगीत टेप? लावा हवी तर. त्वचेवर ओढ जाणवत राहते, आठवण राहते, त्यापलीकडे फार नाही.

ट्रॅक्शन तुम्हाला नको. हातात उतरणाऱ्या दुखण्यात, नस दाबली गेल्याची लक्षणं असताना काही जणांना त्याने आराम पडतो, तिथे मी करून बघते. नुसत्या स्नायूच्या दुखण्यात मान लोंबकळत ठेवून काय मिळवायचं? गळपट्टाही नको. अपघातानंतर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतात तेव्हा ठीक, एरवी आठवडेच्या आठवडे कॉलर घातली की आतले स्नायू आळसावतात आणि काढताना भीती वाटते ती वेगळीच.

आणि केस कापून झाल्यावर न्हावी चंपी करता करता मान ‘कडाक’ करतो, ते त्याला हात जोडून नको म्हणा. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तुम्ही नाही, पण घरातले पुरुष जात असतील.

राहिला पट्टा. परत करता येत असेल तर परत करा. तो खांदे मागे खेचतो, म्हणजे स्नायूंचं काम इलॅस्टिक करतं, आणि दोन तासांनी काखेत काचायला लागला की कपाटात जातो. माझ्याकडे लोकांनी आणून दिलेले असे चार पट्टे पडून आहेत. त्यातल्या एकाचं इलॅस्टिक कापून मी व्यायामाला वापरते, तेवढाच त्याचा उपयोग.

मग करायचं काय? मान आणि खांद्याला वजन पेलायला शिकवायचं. हे माझं एकटीचं खूळ नाही. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, जुनं मानेचं दुखणं असलेल्या १८० बायकांवर वर्षभर प्रयोग झाला, २००३ साली छापून आला: ज्यांनी मानेची ताकद आणि दम वाढवणारे व्यायाम केले त्यांचं दुखणं नुसता ताण आणि चालण्या-पळण्याचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा खूप जास्त उतरलं. डेन्मार्कमधला २०११ चा प्रयोग मला आणखी आवडतो, कारण तो आळशी माणसांसाठी आहे. १९८ लोक, दहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रबरी पट्टीने हात बाजूने वर उचलायचा एकच व्यायाम. एका गटाने रोज बारा मिनिटं केला, दुसऱ्याने फक्त दोन मिनिटं. दोघांचंही दुखणं कमी झालं. दोन मिनिटं! कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधला वेळ.

तुमच्यासाठी मी असं सुरू करेन. पहिले दोन आठवडे मानेच्या पुढच्या खोल स्नायूंचा होकार. उताणं झोपा, डोक्याखाली घडी केलेला पंचा. डोकं न उचलता ‘हो’ म्हणताना हलवतो तेवढीच हनुवटी गळ्याकडे सरकवा, जेमतेम बोटभर. एक हात गळ्याच्या बाजूला ठेवा: कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत येणारी जाड दोरी हाताला टणक लागली तर तुम्ही जोर जास्त लावताय, निम्मा करा. दहा सेकंद धरा, श्वास चालू, दहा वेळा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या फिजिओंनी हा व्यायाम नीट बसवला. आम्ही दवाखान्यात मानेखाली हवेची छोटी उशी ठेवून, तिच्यातला दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरवरून ३० पर्यंत दोन-दोनने चढवत मोजतो. घरी उशी नसली तरी चालतं. दिसायला इतका क्षुल्लक व्यायाम की लोक दुसऱ्याच दिवशी सोडतात. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला तोंडावर विचारलं होतं, ‘होकार द्यायचे पैसे घेता?’ त्यांना पहिल्या दिवशी चार होकारांनंतर मान थरथरायला लागली, मग हसल्या.

सोबत पहिल्या दिवसापासून खांदे उचलणं. दोन्ही हातांत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या, म्हणजे एकेक किलो. उभं राहून खांदे सावकाश कानाकडे न्या, वर क्षणभर थांबा, तीन मोजत खाली. बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा, असं तीनदा. हो, ज्या स्नायूला सगळे ‘सैल सोड’ म्हणतात त्यालाच मी कामाला लावतेय. मग रबरी पट्टी दाराच्या कडीला अडकवून कोपर मागे ओढणं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून डॅनिश लोकांसारखे हात बाजूने वर, खांद्याच्या उंचीपर्यंतच. आठवड्यातून तीन दिवस पुरे. बारा वेळा करून आणखी पाच करता येतील असं वाटलं की वजन वाढवायचं. दोन महिन्यांनी तुमच्या हातात चार-पाच किलो असायला हवेत. एक किलोवरच वर्ष काढलं तर तो व्यायाम राहत नाही, आरती होते.

करताना दुखेल का? थोडं. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शांत झालं तर बरोबर चाललंय. त्याहून जास्त झालं तर एक पायरी खाली या, बंद करू नका. आमच्याकडे दुखलं की ‘नस चढली’ म्हणून तेल लावून आठवडाभर झोपायची पद्धत आहे, ती इथे मोडायला हवी. ताण करायचेच असतील तर पाठीच्या वरच्या भागाला द्या: खुर्चीच्या पाठीच्या कडेला खवाटे टेकवून, मान हातांत धरून, मागे वाकायचं, आठ-दहा वेळा. तिथे बहुतेकांची पाठ खरोखरच कडक असते.

आता ताठ बसण्याबद्दल. पुढे झुकलेल्या डोक्याचं वजन ६० अंशांत २७ किलो होतं, असं चित्र तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेलच. तो आकडा २०१४ सालच्या एका संगणकीय हिशेबातला आहे, माणसांच्या माना मोजून काढलेला नाही. वाकल्यावर ताण वाढतो हे खरं, पण मान वाकण्यासाठीच आहे. पोटावर पुस्तक ठेवून तासन् तास वाचणाऱ्या पिढ्या झाल्या. ताठ बसलात तरी दोन तास तसंच बसलात तर तेही दुखणारच, वर आपण चुकीचं बसतोय हा धाक. मी लोकांना एकच विचारते: शेवटचं कधी हललात? फोन आला की उभं राहून बोला, पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता दूर ठेवा, व्हाउचर आणायला स्वतः उठा. अर्ध्या-पाऊण तासात एकदा बूड खुर्चीवरून सुटलं पाहिजे.

टेबलाच्या मात्र दोन गोष्टी बघाच. लॅपटॉप जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावर चढवा, वेगळा कीबोर्ड घ्या, कोपर टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकलेलं असू द्या. कोपर टेकलं की हाताचं ओझं मानेवरून उतरतं. मघाच्या चाचणीत मदतनिसाने केलं तेच आता लाकूड करतं. दुसरं, चष्मा. एक्केचाळिसाव्या वर्षी जवळचा नंबर येतो. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल तर स्क्रीन काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर जाते आणि दिवसभर तशीच राहते. अशा वेळी स्क्रीन उंच करणं उलट घातक, तो खालीच हवा. निम्म्या फिजिओंच्याही हे ध्यानात येत नाही.

स्कूटरवर आरसे नीट लावा, पर्स खांद्याला न लटकवता सीटखाली टाका, लाल सिग्नलला दोन्ही खांदे एकदा वर नेऊन सोडा. चवथीला नारळ खवायचे असतील तर आदोळीवर एका बैठकीत दहा नारळ संपवू नका. तीन झाले की उठून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) काम बघा. माटोळी बांधताना तासभर वर बघत राहिलात तरी हेच होणार, तिथे स्टूल आणखी उंच घ्या. उशी अशी हवी की कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मधोमध राहील. त्यासाठी महागडी मेमरी फोम लागत नाही, कापसाच्या उशीखाली घडी घातलेली चादर पुरते. झोप किती होते हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाच तासांवर असेल तर माझे सगळे व्यायाम लंगडे पडतील, हे आत्ताच सांगून ठेवते.

वेळ किती लागेल? दीड वर्षाचं दुखणं दहा दिवसांत जात नाही. तीन-चार आठवड्यांनी संध्याकाळची ठणक उशिरा सुरू व्हायला लागेल, ताकदीचा फरक आठ ते बारा आठवड्यांत. मध्ये एखादा आठवडा वाईट जाईल, बहुधा मार्चअखेरच. तेव्हा वजन निम्मं करा, पण वार चुकवू नका. सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही काहीच हललं नाही तर कुठल्याही चांगल्या फिजिओकडे जाऊन पुन्हा तपासून घ्या, आणि तो पहिल्याच भेटीत, मान न तपासता, पंधरा दिवसांच्या मशीनचं पॅकेज सांगत असेल तर चहा पिऊन उठा.

आजच एक नोंद करून ठेवा. अंगणात स्कूटर स्टँडवर लावा, हेल्मेट घालून बसा, दोन्ही हात हँडलवर, धड न वळवता उजवीकडे मागे बघा. काय दिसतं? तुळशीवृंदावन दिसतं, की फक्त त्याच्या बाजूची भिंत? तारखेसकट लिहून ठेवा आणि दर रविवारी त्याच जागी बसून बघा.